फुकटचं जळण

गेल्या वर्षी पुनर्वसूच्या पावसात गावी गेलो होतो. तरणा पाऊस म्हणतात तो हाच. खानापूर तालुक्यात जांबोटीच्या अलीकडे आमचं गाव, आणि तिकडचा पाऊस ज्यानं एकदा अंगावर घेतलाय त्याला मी वेगळं काही सांगायला नको. पहाटे पावणेसहाला जाग आली ती खोकल्याच्या आवाजानं. परड्यातल्या न्हाणीत चुलवणापुढं वहिनी उकिडव्या बसल्या होत्या, एका हातात फुंकणी, दुसऱ्या हातात डोळ्याला लावलेला पदर. चुलवणात जांभळीचा एक ओंडका होता. त्याचं आतलं टोक धुमसत होतं आणि बाहेरच्या टोकाला बारीक बुडबुडे येऊन पाणी गळत होतं, चुर्र चुर्र करत. वर तांब्याचा हंडा. पाऊण तास झाला तरी पाण्याला हात घातला तर नुसतं कोमट.

"झोपा की भाऊजी अजून. पाणी तापायला वेळ आहे," वहिनी म्हणाल्या. आणि पुन्हा फुंकणीला तोंड लावलं.

मी बेळगावात उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत हिशेब लिहितो. तीस वर्षं झाली. भट्टीशी माझा संबंध कागदापुरता. कोक किती आला, किती जळला, किती ओतकाम निघालं. पण तिथल्या एका जुन्या मिस्त्रीचं एक वाक्य कानात बसलंय: धूर म्हणजे न जळता निघून गेलेलं जळण. वहिनींच्या न्हाणीतून कौलांच्या फटीतून वर चाललेला तो निळसर लोट बघताना मला पहिल्यांदा वाटलं, की हे सगळं आपलंच जळण चाललंय. आणि ते गोळा करून आणणारी बाई खाली खोकत बसली आहे.

पेलेटच्या, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या कांड्यांवर चालणाऱ्या, नव्या शेगडीचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते तिथं.

फोनवर 'पेलेट स्टोव्ह' म्हणून शोधायला गेलात तर गंमत होते. समोर येतात ते काचेच्या दाराचे, कपाटाएवढे काळे डबे. थंड मुलखातल्या दिवाणखान्यात ठेवतात ते. वरच्या टाकीत लाकडाच्या भुशाच्या कांड्या ओतायच्या, आतला स्क्रू फिरून थोड्या थोड्या पुढं ढकलतो, खोली किती उबदार हवी ते बटणावर ठरवायचं. तिथले लोक थंडी सुरू व्हायच्या आधी टनाच्या हिशेबानं कांड्या भरून ठेवतात आणि तेल, गॅस, वीज यांच्याशी ताडून बघतात की हा खर्च परवडतो का. माझी भाची तिकडं असते. तिनं आपल्या शेजाऱ्यांच्या घरातल्या तसल्या डब्याचा फोटो पाठवला. बाहेर गुडघाभर बर्फ आणि आत मांजर शेगडीसमोर उताणं पडलेलं. आमचा प्रश्न मांजराचा नव्हता, तीन माणसांच्या आंघोळीचा होता. आई, दादा, वहिनी. चार महिने पाऊस.

आपल्याकडं मिळते ती पेलेटची शेगडी साधी असते. स्टीलचा जाड डबा, आत भांडं, बुडाला छोटा पंखा. कांड्या भांड्यात भरायच्या आणि वरून पेटवायच्या, खालून नाही. इथंच तिची सगळी अक्कल आहे. वरचा थर पेटला की त्याच्या आचेनं खालच्या कांड्यांतून वायू सुटतो. बुडातून थोडी हवा जाते ती ही आच जागी ठेवायला, आणि भांड्याच्या काठाशी ओळीनं पाडलेल्या भोकांतून दुसरी हवा येते ती तो वायू जाळायला. मिस्त्रीच्या भाषेत सांगायचं तर धूर निसटायच्या आधीच धरून जाळायचा. काठाच्या प्रत्येक भोकापाशी एकेक जीभ उभी राहते, समईच्या वाती गोल मांडाव्यात तशी.

आपली तीन दगडांची चूल जळणातल्या उष्णतेपैकी जेमतेम दहा-पंधरा टक्के भांड्याला देते. पंख्याच्या शेगडीनं निदान ३५ टक्के द्यावेत असं भारतीय मानक ब्युरोचं मानक सांगतं, आणि बिनपंख्याच्या सुधारित चुलीनं २५. हे आकडे वाचले तेव्हा मला ओलं लाकूड म्हणजे नेमकं काय नुकसान, ते काढून बघावंसं वाटलं. एक किलो ओल्या लाकडात समजा तिसरा हिस्सा पाणी. ते वाफ करून उडवायला दोनशे किलोकॅलरी. पण त्या लाकडात सगळी मिळून अडीच हजारांच्या वर असतात, म्हणजे नुसत्या वाफेपायी जाणारं फार नाही. खरं नुकसान वेगळंच आहे. ओल्या लाकडाची आग कधी पुरती तापतच नाही, आणि तापली नाही की सुटलेला वायू न पेटताच धूर होऊन निघून जातो. म्हणजे ओलावा खातो थोडं आणि सांडतो जास्त. कांड्यांत ओल असते सहा ते दहा टक्के. एरवी तेही लाकूडच, किंवा शेंगांची टरफलं, किंवा भुसा. खानापूरच्या पश्चिमेला जो पैसे देऊन पेलेट घेतो तो जळण घेत नाही, कोरडेपणा घेतो. आमच्याकडं जून ते सप्टेंबर ही गोष्ट दुसरीकडं कुठं मिळत नाही. गादी ओली, मीठ ओलं, काडेपेटी ओली.

मच्छेच्या बाजूला एक जण पेलेट आणि शेगड्या दोन्ही विकतो असं कळलं. एका शनिवारी संध्याकाळी गेलो. पत्र्याची शेड, पोत्यांची थप्पी, कोपऱ्यात पायांवर उभ्या केलेल्या हॉटेलच्या भल्यामोठ्या भट्ट्या. मालक कानडी, मराठी अस्खलित, मधूनच दोन्हींची खिचडी.

"कट्टिगे, लाकूड बंद करणार काय सर? चांगलं आहे. हॉटेलवाले, मिठाईवाले सगळे घेऊल्यात. घरवाले मात्र विचारून जात्यात."

घरवाले विचारून का जातात हे मला नंतर आकडे मांडल्यावर कळलं.

घरगुती शेगडी, चाळीस लिटरचा हंडा पेलेल अशी, साडेसहा हजार. पेलेट चौदा रुपये किलो, चाळीस किलोचं पोतं पाचशे साठ. सोमवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी जुन्या व्हाउचरच्या पाठीवर हिशेब मांडला. चाळीस लिटर पाणी बावीस अंशांवरून सत्तरपर्यंत न्यायचं, मग थंड पाणी मिसळून तिघांचं भागतं. लिटरला एका अंशाला एक किलोकॅलरी, म्हणजे सगळे मिळून एकोणीसशे वीस. पेलेटच्या एका किलोत साधारण ३,८०० किलोकॅलरी, त्यातले ३५ टक्के हंड्याला. रोज दीड किलो. एकवीस रुपये.

आता गॅस. एका किलोत अकरा हजार, शेगडी साठ टक्के देते असं धरलं, तर रोज तीनशे ग्रॅमसुद्धा लागत नाही. तेव्हा साडेआठशेच्या घरात असलेलं १४.२ किलोचं सिलिंडर सात आठवडे जातं. दिवसाला साडेसतरा रुपये. विजेवर करायचं तर अडीच युनिट, सोळा रुपये.

म्हणजे पेलेट सगळ्यांत महाग! पेन खाली ठेवलं आणि डबा उघडला. हॉटेलवाला मात्र बरोबर होता, कारण त्याचं १९ किलोचं व्यापारी सिलिंडर किलोमागं आपल्या दीडपट पडत होतं. एक किलो गॅसचं काम करायला पाच किलो पेलेट लागतात, सत्तर रुपयांची. हॉटेलात त्या जागी नव्वदच्या वर मोजायचे, घरात साठ. आमच्या घरापुरता कागदावरचा निकाल दोन ओळीत लागला: शेगडी घेऊ नये.

संध्याकाळी दादाला फोन केला. सांगितलं, वहिनींना म्हणावं गॅसवरच पाणी तापवा. दादा हसला. "कोण आणणार सिलिंडर? तू?" गाडी येते फाट्यापर्यंत. फाटा ते घर दीड किलोमीटर, मधे ओढा, ओढ्यावर साकव. भरलेलं सिलिंडर तीस किलोच्या आसपास. दादाची कंबर दोन वर्षांपूर्वी लावणीत गेली ती गेली. आत्ताच स्वयंपाकापुरतं सिलिंडर संपलं की शेजारच्या पोराला चहापाणी करून आणवावं लागतं, आणि पावसात गाडी कधी येईल ते गाडीवाल्यालाही ठाऊक नसतं.

वीज? तिचं वेगळंच नाटक. कर्नाटकात २०२३ पासून गृहज्योती आहे, दोनशे युनिटपर्यंत बिल शून्य असं लोक सोप्या भाषेत सांगतात. खरं तर योजनेच्या आधीच्या वर्षी तुमची सरासरी जेवढी असेल त्यावर थोडी वाढ धरून तेवढीच माफ. जे आधी कमी जाळत होते त्यांना कमीच माफ. आमच्या गावच्या घरात तीन दिवे, एक पंखा, एक टीव्ही. त्यावर महिन्याला पंच्याहत्तर युनिटचा हीटर चढवला तर वरचं सगळं खिशातून. पण पैशाचं कारण नंतरचं. मागं एकदा दादानं बादलीत टाकायची विजेची कांडी आणली होती. न्हाणीची भिंत ओली, अर्थिंगचा पत्ता नाही, आईनं पाणी गरम झालं का बघायला बोट घातलं आणि जे काय बसलं त्यानं ती दोन दिवस बोलली नाही. ती कांडी दादानं स्वतः ओढ्यात फेकली. शिवाय आषाढात वाऱ्यानं फांदी पडली की दोन-दोन दिवस लाईट नसते. उन्हाच्या हीटरचं नाव तर पावसाळ्यात काढायलाच नको.

म्हणजे राहिलं लाकूड. दिवसाला खर्च किती? मी कागदावर 'शून्य' लिहिलं होतं. फुकटचं जळण.

हा शून्य मी लिहिला याची लाज मला अजून वाटते. तीस वर्षं मजुरीचं रजिस्टर लिहिणारा माणूस मी.

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा वहिनींना विचारलं, जळण कधी आणता, किती दिवस जातात. त्यांना प्रश्नच कळेना आधी. "दिवस कसले ओ मोजायचे त्यात?" मग बोटं मोडत सांगायला लागल्या. होळी झाली की सुरुवात. आमच्या काजूच्या बागेतली सुकी फाटी आठ दिवस. मग बांधावरच्या किंजळीची, ऐनाची छाटणी. ती दादा तोडून देतो, ओढून आणायची त्यांनी. पूर्वी रानात जायच्या चौघी-पाचजणी मिळून. पण २०११ साली भीमगड अभयारण्य झालं तेव्हापासून त्या अंगाचं रान जपून वागायचं झालं, आणि आता त्या पाचजणींतल्या दोघी राहिल्या आहेत. भारा साधारण वीस किलोचा. डोक्यावर चुंबळ, उतारावर पाय टाकताना मान हलवायची नाही. मेमध्ये वळवाच्या आधी सगळं पडवीत रचायचं. वळीव आधी आला तर रचलेलं पुन्हा उन्हात काढायचं, पुन्हा रचायचं. सगळे मिळून पंधरा दिवस सहज, मोडतोड वगळून.

"आणि तेवढे दिवस काजूच्या कारखान्याला गेला असतात तर?"

"तीनशे देत्यात की रोज. ह्या वर्षी बोलवणं आलं होतं. जळण कोण करील म्हणून न्हाई गेले."

पंधरा त्रिकं पंचेचाळीस. साडेचार हजार. आणि पेलेट चार महिन्यांची एकशे ऐंशी किलो, अडीच हजारांची. शेगडीचे साडेसहा हजार पाच वर्षांत फेडले तरी वर्षाला तेराशे. दोन्ही मिळून चार हजारांच्या आत. व्हाउचरच्या पाठीवरचा माझा निकाल त्या पडवीत उलटा झाला, आणि आकडे एकही बदलले नव्हते; फक्त शून्याच्या जागी काय होतं ते विचारलं होतं. पहाटेचा पाऊण तास, फुंकणी, खोकला हे तर मी अजून धरलंच नाही. त्याचा दर कुठल्या रजिस्टरात लिहायचा मला ठाऊक नाही.

आईचा विरोध होता, आणि तो नुसत्या म्हातारपणाचा नव्हता. आईनं आजवर तीन क्रांत्या बघितल्या आहेत. ऐंशीच्या दशकात ग्रामसेवकानं निर्धूर चूल बसवून दिली होती, सिमेंटच्या नळीची. नळी काजळीनं तुंबली, साफ करायला कोणी आलं नाही, वर्षभरात धूर पुन्हा घरात आणि चूल मात्र दुप्पट जागा अडवून बसलेली. आईनं ती कुऱ्हाडीच्या तुंब्यानं फोडली. नंतर गोबरगॅसचा खड्डा झाला; म्हशी दोनच्या एक झाल्यावर त्यात बेडूक राहायला आले. आणि तिसरी तर हीच, पेलेटची शेगडी! पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका कंपनीचा माणूस फाट्यावर तंबू मारून बसला होता. दादानं घेतली. छान जळायची. दोन वर्षं खानापुरातल्या दुकानात कांड्या मिळाल्या, मग भाव वाढत गेला, मग दुकानदार म्हणाला येत्या आठवड्यात, मग म्हणाला कंपनीच माल पाठवत नाही. तो स्टीलचा डबा अजून माळ्यावर आहे. आई त्यात गवत घालून कोंबडी अंड्यांवर बसवते.

"ह्या डब्याला कोंबडी कुठली बसवू?" तिनं विचारलं.

तिला उत्तर द्यायला माझ्याकडं काही नव्हतं. लाकूड रानात असतं, कांडी कारखान्यात. कारखान्याचं गणित बदललं की आपली चूल विझली. आमच्या जिल्ह्यात साखर कारखाने ढिगानं आहेत, बगॅसचे, म्हणजे उसाच्या चोथ्याचे, डोंगर असतात. पण तो बगॅस ते स्वतःच्या बॉयलरला घालतात, वीज करून विकतात. शेंगांची टरफलं, भुसा, लाकडाचा कीस हे पूर्वी कोणी विचारत नव्हतं, आता त्यालाही गिऱ्हाईक आहे. औष्णिक वीज केंद्रांनी कोळशात पाच टक्के जैव इंधन मिसळावं असं केंद्र सरकारनं २०२४-२५ पासून लावून दिलंय. असल्या गिऱ्हाईकापुढं पाच पोती मागणाऱ्या वहिनींना कोण विचारणार?

तरीही मच्छेवाल्यानं आठ दिवसांच्या बोलीवर एक शेगडी आणि एक पोतं दिलं. हजार रुपये अनामत. ऑगस्टमध्ये घेऊन गेलो.

पोतं उघडल्यावर आईनं मूठभर कांड्या हातात घेतल्या. पेन्सिलीएवढ्या जाड, दोन पेरं लांब, तपकिरी, चकचकीत. वास घेतला. "ही म्हशीला घालायची का चुलीला?" खरंच, गोळी पेंड शेजारी ठेवली तर ओळखू येत नाही. यंत्रही जवळजवळ तेच. भोकं पाडलेली जाड लोखंडी चकती, त्यावर फिरणारे रूळ. भुसा दाबून भोकांतून ढकलला की दाबानं तापतो, लाकडातलंच चिकट द्रव्य मऊ पडतं आणि गार झालं की कांडी धरून राहते. गोंद लागत नाही. हे मी आईला समजावत होतो, तेवढ्यात तिनं एक कांडी पाण्याच्या पेल्यात टाकली. आमचा चहा होईपर्यंत कांडी दुप्पट फुगली, मग तिला भेगा गेल्या, मग ती आपसूक मोडून बसली. पेल्यात नुसती भुशाची पेज. आईनं पेला माझ्यापुढं सरकवला आणि काही बोलली नाही. चौदा रुपये किलोनं घेतलेला कोरडेपणा आमच्या घरात किती तास टिकेल, हाच तिचा प्रश्न होता.

पहिल्या दिवशी पेटवताना फजिती. वहिनींनी सवयीनं कांड्या थोड्या घालून खाली कागद लावला. भरपूर धूर, मग काहीच नाही. दुसऱ्यांदा भांडं भरलं, वर नारळाची शेंडी, कापराची वडी. दोन-चार मिनिटं धूर आला, पंखा लावला, आणि भोकांच्या काठाशी जिभा उभ्या राहिल्या. वहिनी दोन पावलं मागं सरल्या. मग पुन्हा पुढं येऊन वाकून बघत राहिल्या. हंडा चाळीस मिनिटांत हात लावू देईना.

तिसऱ्या दिवसापर्यंत त्यांच्या तक्रारी सुरू झाल्या, आणि त्या माझ्या कुठल्याच हिशेबात नव्हत्या. एक म्हणजे ही विझवता येत नाही. चुलीतलं लाकूड मागं ओढलं की आग कमी. इथं भरलेलं भांडं संपेपर्यंत जळणार. पाणी तापलं तरी जळणार. काटकसरी बाईला हे बघवत नाही. मग त्यांनीच वाट काढली. हंडा उतरला की त्यावर कुळीथ चढवायचे, आणि शेवटी भांड्यात निखारे राहतात त्यावर भाकरी शेकायची. दुसरं, राख. पोत्यात भाताच्या तुसाची भर असावी, कारण भांड्याच्या तळाशी राखेचे काचेसारखे खडे धरले. भाताच्या तुसात वाळूचा अंश असतो, आचेनं तो राखेतल्या क्षारांशी मिळून वितळतो आणि गोळा होतो. ते खडे खिळ्यानं टोकरून काढावे लागले. मच्छेवाल्याला हे सांगितल्यावर तो लगेच म्हणाला, "तो मिक्स माल सर. टरफलाचा देतो, दोन रुपये जास्त." म्हणजे एकवीसचे चोवीस झाले. असे दोन रुपये कागदावर कुठंच नसतात.

तिसरी तक्रार आईची. "धूर न्हाई तर वाशांचं काय?" आमच्या न्हाणीवरचे वासे, बांबू काळे कुळकुळीत आहेत, धुरानं. त्यांना भुंगा लागत नाही. सोप्यावरच्या वाशांतून मात्र दर उन्हाळ्यात पिठूळ सांडतं. चुलीवर टांगलेली मक्याची बियाण्याची कणसं, मिरच्या, सगळं धुराच्या जिवावर टिकतं. मी म्हणालो, वाशांना औषध मारू. आई म्हणाली, "ते औषध कितीला?" घ्या. आणखी एक ओळ वाढली.

पाचव्या दिवशी लाईट गेली. पंखा बंद. पंख्याला वीज लागते नावालाच, फोनच्या चार्जरएवढी, पण तेवढी लागते. पंख्याविना ती शेगडी म्हणजे धुराचा डबा. आमच्या चुलवणाला लाजवील असा धूर. वहिनींनी ती उचलून पडवीत ठेवली आणि जांभळीचा ओंडका पुन्हा चुलवणात सारला. मी फोनची पॉवर बँक शोधत होतो. सापडली, जोडली, पंखा फिरला, तोवर हंडा निम्मा तापला होता. चुलीवर.

आठवा दिवस. शेगडी परत न्यायची का हे मी कोणालाच विचारलं नाही, डिकी उघडून उभा राहिलो. वहिनी शेगडीची राख झाडत होत्या. झाडून झाल्यावर त्यांनी ती आत नेऊन ठेवली. मला वाटलं पुसायला नेली. बराच वेळ बाहेर येईनात म्हणून आत गेलो तर आई पाटावर बसून पासबुक शोधत होती.

कर्नाटकातल्या घरच्या कर्त्या बाईला महिन्याला दोन हजार मिळतात, गृहलक्ष्मीचे. आमच्या रेशनकार्डावर कर्ती आई आहे, म्हणून ते तिच्या खात्यावर. चंदगडला दिलेली माझी बहीण सीमेपलीकडं, तिला लाडकी बहीण म्हणून दीड हजार. दोघींची फोनवर यावरून तुलना चालते, कुणाचं सरकार कंजूस यावर भांडतातही. आईचे तीन हप्ते तुंबून एकदम आले होते, सहा हजार. त्यातला एक रुपया तिनं आजवर वहिनींच्या हातात दिल्याचं मी पाहिलं नव्हतं. पासबुक सापडलं तसं तिनं ते माझ्यापुढं धरलं.

"सहा हजार हायत. वरचे पाचशे तू घाल. आणि ती पोती एकदम आण, पावसाआधी. दुकानदाराच्या भरवशावर मी बसणार न्हाई."

एवढं साधं मला सुचलं नव्हतं. मी दर महिन्याला माल मिळेल का, भाव काय होईल, कंपनी टिकेल का हे शोधत होतो. आईनं सत्तर वर्षं पावसाळ्याची बेगमी केली आहे. मिरची, मीठ, सुकट, पापड, उडीद, तांदळाची कणगी, गुरांचं गवत. चार महिने कोणावर अवलंबायचं नाही. तिच्या लेखी कांड्या म्हणजे बेगमीतलं आणखी एक पोतं. पुढल्या वर्षी माल मिळाला नाही तर? तर चूल आहेच की, ती कुठं काढली आहे!

यंदा मेच्या दुसऱ्या आठवड्यात टेम्पोतून पाच पोती नेली, टरफलाच्या मालाची. एका पोत्यामागं ऐंशी रुपये वाढलेले. उन्हाळ्यात रस्ता कोरडा, टेम्पो साकवाच्या वरच्या अंगानं दारापर्यंत गेला. बोगारवेशीतून दोन झाकणाचे जाड डबेही आणले. त्या पेठेचं नाव बोगारांवरून, कानडीत भांडी घडवणारे कासार. आता तिथं तांब्यापितळेइतकंच प्लास्टिक विकतात. दोन पोती डब्यांत मावली, तीन प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून माळ्यावर गेली, मिरचीच्या पोत्याशेजारी. पॉवर बँक एक जास्तीची. वाशांना औषध अजून मारलेलं नाही. आईनं आठवड्यातून एकदा न्हाणीत चूल पेटवायची असा तोडगा काढलाय, रविवारी, वाशांसाठी.

वहिनींनी जळण या वर्षीही आणलं. पंधरा दिवसांऐवजी सहा दिवस, स्वयंपाकाच्या चुलीपुरतं आणि रविवारपुरतं. उरलेले नऊ दिवस त्या काजूच्या कारखान्यात गेल्या. सत्तावीसशे रुपये. त्याचं काय केलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. काजू फोडताना टरफलाचं तेल लागून बोटांची सालं गेली होती, ती दाखवली मात्र.

परवा, आर्द्रा सरायच्या सुमारास, फोन केला. पलीकडं पाऊस इतका की वहिनींना ओरडून बोलावं लागत होतं.

"शेगडी कशी चाललीय?"

"बरी हाय की! सहा वाजता पेटवतो आता. आत्याबाई सकाळी सकाळी शेगडीजवळच बसत्यात, हात शेकत."

"आणि पोती? ओल लागली नाही ना?"

पलीकडं थोडा वेळ नुसता पाऊस ऐकू आला.

"ओल न्हाई लागली. पण भाऊजी, माळ्यावरच्या एका पोत्याला उंदरानं भोक पाडलंय. टरफलाचा वास येतोय न्हवं त्याला. रातभर कांड्या खाली पडत्यात, टकटक, टकटक. येताना बेळगावातनं एखादं मांजर घेऊन या."

मला भाचीनं पाठवलेला तो फोटो आठवला. हसू आलं. शेजाऱ्याच्या मांजरीला तीन पिल्लं झाली आहेत. रविवारी जाताना त्यातलं एक न्यायचं म्हणतोय.